खुर्ची ढकलायची नाही

आखाडा बाळापूर,
मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्रिय अंगददादा,

पत्र बघून तू आधी ते आणणाऱ्या सोमेश्वरला विचारशील, रागीची तब्येत बरी आहे ना. बरी आहे. बाळापूरहून वारंगा फाट्याला अर्ध्या तासात पोचता येतं. एवढ्या अंतरावरच्या सख्ख्या भावाला पत्र लिहिणारी बहीण सध्या मी एकटीच असेन. पण काय करू? फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'टेन्शन घेऊ नको, मी बघतो' म्हणून मोकळा होतोस. मोबाइलवर लांबलचक लिहिलं तर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवतोस. समोरासमोर बोलायला गेले की डोक्यावर हात ठेवतोस, आणि तो हात डोक्यावर आला की मी नऊ वर्षांची होते आणि काय बोलायला आले होते तेच विसरते. म्हणून कागद. दिवसभर मी सेवा केंद्रात बसून लोकांचे अर्ज भरते, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात सुनेचं नाव, विहिरीची नोंद. आज शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर तिथंच बसून हे लिहिते आहे. सोमेश्वर उद्या सकाळी तुझ्या दुकानावर आणून देईल. गर्दी असली तर गल्ल्यात ठेव आणि नंतर वाच, पण वाच.

बातमी तुला कळलीच आहे. रविवारी आम्ही हरलो, तीन–एक. जिंकलेला सामना पुन्हा खेळायला लावून हरलो, आणि तो खेळायला लावणारी मी. बाळापुरात दोन दिवस दुसरा विषय नाही. सातबारा काढायला आलेली माणसं कागद घेतात, घडी करतात आणि जाता जाता विचारतात, "ताई, खरंच तुमीच अर्ज केलता?" मी व्हय म्हणते. मग ती माझ्या पायांकडं बघतात, जणू डोक्याचा दोष तिकडूनच वर चढला असावा. माय ताटात भाकर ठेवताना आवाज करते. तुझ्याही कानावर पोरीचं डोकं फिरल्याचं आलं असेल. ते कसं फिरलं ते माझ्याकडून ऐक.

तुला या खेळाचा मंडप माहीत आहे, बक्षीस माहीत आहे, पेपरातला फोटो माहीत आहे. सुरुवात माहीत नाही. चार वर्षांपूर्वी जिवनबाईची मुलगी आईच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी केंद्रात आली होती. फॉर्म भरता भरता मी सहज विचारलं, आई दिवसभर काय करते. पोरगी म्हणाली, "काई न्हाई. खाटेवर ऱ्हाते." जिवनबाईचे पाय तापात गेले त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत ती दवाखाना सोडून कुठंही गेली नव्हती. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची घरात होती, तिच्यावर वाळलेले कपडे टाकायचे. पुढच्या रविवारी मी सोमेश्वरची ऑटो घेऊन गेले आणि तिला घेऊनच आले. बाजार समितीत हळद वाळवायचं ते सिमेंटचं पटांगण आहे ना, रविवारी तिथं माल नसला की चाकं छान फिरतात. आम्ही दोघी समोरासमोर बसून एकमेकींकडं चिंध्यांचा चेंडू फेकत राहिलो. तासाभरानं ती म्हणाली, "रागिणे, माझा हात दुखून राहिला." असं म्हणताना ती एवढी खूश होती की मी चेंडू पुन्हा तिच्याकडं फेकला. दोन महिन्यांत आम्ही सातजण झालो.

मग मी लगोरी बसवली. आपण लहानपणी लिंगोरचा म्हणायचो तीच, फक्त सगळ्यांना खेळता येईल अशी. फरशीचे सात तुकडे जमिनीवर न रचता गुडघ्याएवढ्या स्टुलावर रचायचे, म्हणजे खुर्चीतल्या माणसाचा हात पोचतो. खेळायचं जोडीनं, एक खुर्चीतला आणि एक पायावरचा, दोघांच्या हातात एकाच ओढणीची दोन टोकं. ओढणी सुटली की जोडी बाद. चेंडू खुर्चीतल्यानंच फेकायचा, फरशा दोघांनी मिळून रचायच्या, तोवर समोरचे चेंडू मारून बाद करणार. एका संघात तीन जोड्या. पाच डावांतले तीन जो घेईल तो जिंकला. आणि एक नियम मी पाटीवर लिहून भिंतीला टांगला होता: खुर्ची ढकलायची नाही. कितीही घाई असली तरी पायावरच्या जोडीदारानं मागच्या दांड्याला हात लावायचा नाही. ज्याची खुर्ची त्यानंच चालवायची, हळू तर हळू. नव्या माणसाला हा नियम सगळ्यात जड जातो. हात आपोआप दांड्याकडं जातात. माझा जोडीदार सोमेश्वर, तो पहिल्या महिन्यात चार वेळा त्याच्यापायी बाद झाला आणि मला म्हणाला, "ढकलून राहिलो, मारून तर न्हाई राहिलो ना?"

त्याला कसं समजावं. खुर्चीतल्या माणसाला ढकलायच्या आधी कुणी विचारत नाही. दवाखान्यात, तहसिलीत, लग्नात, मी ज्याच्या वाटेत येते तो मला धरून हातभर बाजूला सरकवतो आणि पुढं जातो. तुझ्या लग्नातली गोष्ट सांगते. फोटोसाठी मला पुढं नेलं, तुझ्या आणि मंजुषावहिनीच्या मधोमध ठेवलं. फोटो झाल्यावर कुणीतरी मला उचलून मांडवाच्या मागं जनरेटरपाशी ठेवलं, तोंड कनातीकडं करून, आणि चाक मातीत रुतलं. मंगलाष्टका मला ऐकू आल्याच नाहीत. अक्षता मुठीत तशाच राहिल्या, घामानं पिवळ्या झालेल्या. तू हे आज पहिल्यांदा ऐकतो आहेस. तेव्हा सांगितलं असतं तर त्या माणसाला शोधून काढून तू त्याला मांडवातच धुतला असतास, आणि मग लोक म्हणाले असते, बघा, बहिणीवर किती जीव आहे. म्हणून सांगितलं नाही.

तर आता जानेवारीची स्पर्धा. जिल्ह्यातले सहा संघ येणार म्हटल्यावर तू पुढं झालास. मंडप तुझा, जेवण तुझं, जवळा बाजारच्या संघाला आणायला गाडी तुझी. मी गावभर सांगत फिरले, आमचा दादा आहे म्हणून एवढं होऊन राहिलं. अंतिम सामना जवळा बाजारशीच पडला. त्यांची नीलाबाई तू पाहिलीस, पन्नाशीची, काटकुळी, बोलायला कडक. आदल्या सामन्यात तिनं पहिल्याच फेकीत सातही फरशा खाली आणल्या होत्या. आम्ही निम्मे हरूनच मैदानात उतरलो आणि तीन–शून्य जिंकलो. तिचा एकही नेम लागला नाही. माझे मात्र तिन्ही लागले. मार्चमध्ये राज्याच्या स्पर्धेसाठी पुण्याला जिल्ह्यातर्फे आम्ही जाणार, असं माइकवरून सांगितलं. हलगी वाजली, माझ्या केसांत आठ दिवस गुलाल होता. आबा कधी मयतीलासुद्धा मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करत नाहीत, ते त्या दिवशी करून आले होते. मंडपाच्या खांबाला धरून रडत होते. मी पडले तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं असं माय सांगते.

तू तुझ्या ड्रायव्हरकडून सामन्याचं शूटिंग करून घेतलंस आणि मला पाठवलंस. मी ते पंधरा-वीस वेळा पाहिलं. खोटं कशाला बोलू, मी मलाच बघत होते. मग एका दुपारी केंद्रातलं नेट गेलं, हाताला काम नव्हतं, म्हणून पुन्हा लावलं आणि या खेपेला नीलाबाईकडं बघितलं. ती चेंडू घेते, नेम धरते, आणि फेकायच्या आधी मंडपाकडं बघते. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्या डावात तेच. मंडपात डाव्या हाताला तू उभा आहेस, पांढऱ्या शर्टात. तिसऱ्या वेळी तू मान हलवतोस, अगदी थोडीशी. मग ती फेकते आणि चेंडू स्टुलापासून दोन हात लांबून जातो.

ती नजर माझ्या ओळखीची होती. शाळेमागच्या मोकळ्या जागेत आपण गोट्या खेळायचो. आबांनी सुताराकडून करून घेतलेल्या बेअरिंगच्या पाटावर मी बसलेली असायची आणि एकामागून एक पोरं माझ्याकडून हरायची. दोन डबे भरून गोट्या जिंकल्या होत्या मी. रागीचा नेम म्हणजे नेम, असं पोरं म्हणायची आणि मायही शेजारणींना सांगायची. आणि प्रत्येक पोरगं गोटी मारायच्या आधी एकदा मान वर करायचं. मला वाटायचं ऊन किती चढलं ते बघतात. तिकडं शाळेच्या भिंतीवर पाय सोडून तू बसलेला असायचास.

दुसऱ्या दिवशी ऑटोत सोमेश्वरला विचारलं. तो आधी हसला, मग त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "आता काय सांगावं तुला. तुह्या दादाचा हुकूमच व्हता. जो रागीला हरवीन त्याला लिंगोरच्यात घेनार न्हाई. आमी लेकरं, लिंगोरच्याबिगर दुसरं व्हतं काय आमाला?" मी विचारलं, किती दिवस चाललं हे. म्हणाला, "तू हॉस्टेलला जास्तोर." म्हणजे पाच वर्षं, दादा. माझ्याशी हरायला पाळ्या लावल्या होत्या म्हणे पोरांनी, आज तू हर, उद्या मी हरतो. त्याला वाटलं आता एवढ्या वर्षांनी मी हसेन. मी हसले नाही तर बिचाऱ्यानं गाडी परत रस्त्यावर घेतली.

तुला हे बारीक वाटेल. लहानपणीच्या गोट्या, कोण धरून बसतं. पण मी त्या गोट्यांवर मोठी झाले. हॉस्टेलच्या पहिल्या दिवशी सगळ्या मुली जिना चढून वर गेल्या आणि मी खाली ट्रंकेपाशी एकटी राहिले, तेव्हा मनाशी म्हटलं होतं, पाय नसले तर नसले, आपल्याला नेम आहे. बारावीला तेच म्हटलं. संगणकाच्या परीक्षेला तेच. या केंद्रासाठी साहेबांच्या टेबलापुढं तीन तास हटून बसले तेव्हाही तेच. आता मला कळत नाही की त्यातलं माझं काय होतं. त्या साहेबांनाही तू आधी भेटून आला होतास का? बघ, हा प्रश्न मला पडतो. प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या मागं मी आता भिंतीवर तू बसलेला आहेस का ते बघते. राग त्याचा आहे मला. त्या पोरांनी मला हरवलं असतं तर मी रडले असते, शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट सरकवत गेले असते. सगळी लेकरं हेच करतात. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस.

नीलाबाईला फोन केला तर तिनं आढेवेढे घेतले नाहीत. तिच्या खुर्चीचं डावं चाक तारेनं बांधलेलं होतं, नव्या खुर्चीसाठी वर्षभर चकरा मारून ती थकली होती. सामन्याआधी तू तिला बाजूला घेतलंस आणि म्हणालास, खुर्ची मी देतो, एवढा सामना माझ्या बहिणीला जाऊ द्या, तिच्या आयुष्यात काही झालंच नाही. हे वाक्य तिनं मला जसंच्या तसं सांगितलं. "तुझा भाऊ वाईट न्हाई बाई. बोलताना रडून राहिला व्हता. मला खुर्ची पायजे व्हती, मी काहून न्हाई म्हनू?" खुर्ची पोचली म्हणाली, हलकी आहे, वळते छान. तिला मी काय दोष देऊ. पण जिच्यासारखा नेम जिल्ह्यात कुणाचा नाही, तिला तू एका चाकासाठी नेम चुकवायला लावलास. तिच्या आयुष्यात काय काय झालं ते विचारलं होतंस का? आणि माझ्या आयुष्यात काही झालं नाही हे तुला कुणी सांगितलं? मी रोज चाळीस माणसांची कामं करते. माझ्या कमाईतून माय तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून बसली आहे. एवढं सगळं होऊन तुला मी अजून पडलेलीच दिसते.

म्हणून आता ते बाभळीचं झाड, ज्यावरून मी पडले. आपण त्याच्याबद्दल कधी बोललो नाही, आज मी बोलते. त्या दिवशी कोकरांना पाला आणायची पाळी तुझी होती. खालून पाला ओढायची आकडी वरच्या फांदीला पुरत नव्हती. तुझे दोस्त लिंगोरच्यासाठी हाका मारत होते, आणि तू मला म्हणालास, "तू चढ, मी आलोच." मी चढले, कारण मला चढायला आवडायचं. तू म्हणाला नसतास तरी बहुतेक चढलेच असते. मायला आणि आबांना मी एवढंच सांगितलं की मी आपल्या मनानं चढले. आजवर तेच सांगत आले, पुढंही तेच सांगेन. त्या दिवसाचा राग मला कधीच नव्हता, तू तेरा वर्षांचा होतास. पण त्या दिवसापासून तू माझ्याकडं बघतोस ते त्या बाभळीखाली उभा राहूनच बघतोस. रागी जेवली का, रागी हसली का, रागी जिंकली का. मी जिंकले की तुला बरं वाटायचं. माझं जिंकणं हे तुझं औषध होतं, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं.

मग मी अर्ज लिहिला. लोकांचे हजारो लिहिले, हात बसलेला आहे. विषय: अंतिम सामना रद्द करून पुन्हा घेणेबाबत. त्यात तुझं नाव घातलं नाही, नीलाबाईचंही घातलं नाही, सामना मनापासून खेळला गेला नाही एवढंच लिहिलं. समितीचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर आहेत. चष्म्यावरून बघत म्हणाले, "हरलेल्यांच्या तक्रारी लई पाह्यल्या बाई. जिंकलेली तूच पहिली." मी हटले नाही आणि नीलाबाईनंही विचारल्यावर व्हय म्हटलं, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. कुणाचा अर्ज आहे हे तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

परवाच्या सामन्याला मंडप नव्हता आणि हलगीही नव्हती. हळद यायला लागली आहे, पटांगणाच्या एका अंगाला ढीग होता, सगळ्यांची चाकं पिवळी झाली. नीलाबाई तिच्या जुन्याच खुर्चीत आली, तार बांधलेल्या. नव्या खुर्चीचं मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस, तिची आहे ती. पहिला डाव तिनं एका फेकीत उडवला. दुसरा आम्ही लांबवत नेला आणि शेवटच्या फरशीला हरलो. तिसऱ्यात माझा चेंडू बसला, पाच फरशा पडल्या, आणि त्यांच्या हाती चेंडू जाऊन परत येईपर्यंत सोमेश्वर आणि मी रचत सुटलो. माझे तळहात चाकांवर सोलून निघाले होते. नीलाबाईनं मारलेला चेंडू माझ्या कानाला वारा घालून गेला, असा जोरात की लागला असता तर मी ओरडलेच असते. मग ती ओरडली, "सटवे, थांब, पुढच्या डावाला दाखवते तुला."

दादा, खेळताना मला आजवर कुणी शिवी दिली नव्हती. एकतीस वर्षांत पहिली. मी हातात फरशी धरून तशीच बसले. सोमेश्वर म्हणत होता, "अगं ठेव ना वर, काय पाहून राहिली?" ठेवली, डाव आमचा झाला. पुढच्या डावाला नीलाबाईनं म्हटल्याप्रमाणे दाखवलं. सामना गेला, तो जायलाच पाहिजे होता, ती आमच्यापेक्षा चांगली खेळते. पण तो एक डाव माझा आहे, आणि त्याच्यावर संशय घ्यायला कुणालाच जागा नाही, मलासुद्धा नाही. घरी जाताना मी ऑटोत गाणं म्हणत होते, असं सोमेश्वर सांगेल.

पत्र इथं संपवता आलं असतं तर मी फार चांगली ठरले असते. पण जिवनबाईचं सांगायचं राहिलं. पुण्याला जायचं म्हणून तिनं नवी साडी घेतली होती. मार्चची पिशवी जानेवारीतच भरून दाराशी ठेवली होती. गल्लीतल्या एकेका बाईला खाटेपाशी बोलावून सांगितलं होतं की पुण्यात म्हणे खुर्चीसकट लिफ्टनं वर नेतात. समितीनं अर्जावर सगळ्या संघाच्या सह्या मागितल्या होत्या. मी सोमेश्वरला खरं सांगितलं, बाकीच्यांनाही सांगितलं. तिला नाही सांगितलं, कारण ती नाही म्हणणार हे मला पक्कं माहीत होतं. स्पर्धेचा कागद आहे म्हणून मी तिचा अंगठा घेतला. केंद्रात रोज माझ्यापुढं माणसं न वाचता अंगठा देतात, कारण त्यांचा माझ्यावर भरवसा असतो. ते मला ठाऊक होतं आणि तेच मी वापरलं. दांड्याला हात लावायचा नाही असं पाटीवर लिहिणारी मी, तिची खुर्ची मी ढकलली. रविवारी सामना संपल्यावर हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं तेव्हा तिला कळलं. तिथंच, लोक टाळ्या वाजवत असताना, ती मला म्हणाली, "तुला हारायचा शौक व्हता तर एकटीनं हारायचं. मला काहून हारवलंस?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

काल मी केंद्रात असताना ती मुलीला घेऊन आपल्या घरी आली आणि मायपुढं रडली. मायनं तिला तुला फोन लावून दिला. तू म्हणालास, मावशी, काळजी करू नका, वरच्या साहेबांशी ओळख आहे, आपला संघ जादा म्हणून घालून घेतो, फक्त रागीला सांगू नका. तिच्या मुलीनं आज येऊन मला सांगितलं. यादी शनिवारी पुण्याला जाणार आहे, म्हणून हे पत्र. वरच्या साहेबांना तो फोन करू नकोस, एवढंच लिहायला मी बसले होते. इथवर आल्यावर तेही धडपणे लिहिता येत नाही, कारण जिवनबाईचं पुणे मी घालवलं आणि ते तिला परत द्यायला माझ्याजवळ काही नाही. तिच्यासाठी काय करायचं ते तू ठरव. माझं नाव त्या यादीत घालू नकोस. आणि जे करशील ते लपवून करू नकोस, इथं येऊन माझ्या तोंडावर सांग. बावीस वर्षांत आपण दोघं एकदाही भांडलो नाही. लोक आपलं उदाहरण देतात, भाऊबहीण असावेत तर असे. उद्या ये आणि माझ्याशी भांड. एका अडाणी बाईचा अंगठा फसवून घेतलास म्हणून बोल, चार लोकांत माझी मान खाली घातलीस म्हणून बोल, मनात असेल ते सगळं बोल. मी रडायला लागले तरी थांबू नकोस.

तुझीच,
रागिणी